सासऱ्यांची आयर्लंडमधली माणसं

सासूबाई गेल्यावर सासरे आमच्याकडे बर्मिंगहॅमला राहायला आले, पंच्याऐंशी-शहाऐंशीच्या सुमारास. ते मूळचे आयर्लंडच्या पश्चिमेकडचे. विशीत वडिलांशी भांडून बोटीत बसले, इंग्लंडात रस्ते खणले, मग मोटारींच्या कारखान्यात चिकटले, आणि परत म्हणून गेले नाहीत. आई होती तोवर तिची पत्रं यायची. ती गेली आणि पत्रंही थांबली. मी पुण्याची. त्यांच्या मुलाशी लग्न करते म्हटल्यावर माझ्या माहेरी जो धिंगाणा झाला, तसा सासरी झाला नाही, कारण तिथे धिंगाणा घालायला नातेवाईकच नव्हते.

मग एका हिवाळ्यात त्यांच्या छातीचा एक्स-रे निघाला आणि डॉक्टरांनी दोन-तीन वर्षांची मुदत दिली. हॉस्पिटलमधून घरी आल्यावर त्यांनी कोट काढला नाही, तसेच खुर्चीत बसले आणि मुलाला सोडून मला म्हणाले, “माझ्याबरोबर लहानपणी खेळलेलं कोणी जिवंत असेल तर मला शोधून दे. एक माणूस पुरे.”

मलाच का, तर मी फुशारकी मारून ठेवली होती. आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत छापलेला आहे, मूळ पुरुषापासून आजच्या पिढीपर्यंत, उशीला घ्यावा एवढा जाड. तो मी इथे आणला होता आणि मोठ्या ऐटीत त्यांना दाखवला होता. एक अक्षर कळत नसूनही त्यांनी तो देवाच्या पोथीसारखा हाताळला. आमच्याकडचे जुने कागद डब्लिनच्या लढाईत जळाले, म्हणाले. मग काय, मी पदर खोचला. आमच्या लोकांना हे जमतं, असं त्यांना आणि स्वतःला सांगितलं.

कुलवृत्तांताची रीत सोपी असते. वर मूळ पुरुष, खाली मुलगे, त्यांच्याखाली त्यांचे मुलगे. मुली एका ओळीत उरकायच्या: नाव, कुठे दिली, संपलं. मी स्वतः त्या ग्रंथात एका ओळीत संपले आहे. माझ्या ओळीत तर कुठे दिली तेही नाही, ते छापण्यासारखं वाटलं नसावं. याचा मला भयंकर राग होता, अजून आहे. तरीही पेन हातात आल्यावर मी नेमकं तेच केलं.

रविवारी दुपारी किचनमधल्या टेबलावर मी मोठा कागद पसरला आणि सासऱ्यांना विचारत गेले. आजोबा, वडील, थोरला भाऊ, धाकटा भाऊ. शेवटी त्यांनी बहिणीचं नाव सांगितलं, त्यांच्याहून दोन वर्षांनी लहान. तिच्या नवऱ्याचं नाव सांगितलं, तो भिंतींना गिलावा करायचा तेही सांगितलं, आणि डोंगरापलीकडचं त्याचं गावही. मी म्हणाले, ती सासरी गेली ना, मग तिचं नंतर बघू, आधी तुमचं घराणं पुरं करू. आणि पेनचं टोपण लावलं. पुढे त्यांनी आणखी दोनदा तो विषय काढला. दोन्ही वेळा मी “हो हो, बघू” म्हणाले. ते शिकलेले नव्हते, माझ्याकडे सहाशे पानी ग्रंथ होता. त्यांनी माझं ऐकलं.

त्यानंतरची दोन वर्षं मी पत्रं लिहीत होते. दिवसभर बँकेत काम, संध्याकाळी आयर्लंड. तिथे थोरल्या मुलाला आजोबाचं नाव ठेवायची पद्धत आहे. त्यामुळे एकेका गावात एकाच नावाची सात-आठ माणसं, आणि सगळी एकमेकांची चुलत. चर्चचे पाद्री पातळ कागदावर अतिशय सभ्य उत्तरं पाठवत, त्यांतून काहीही निष्पन्न होत नसे. लांबचे चुलत मात्र भराभर सापडत गेले. प्रत्येकाला आपण नात्यातलेच असल्याची खात्री होती. एकाने वाळवलेली पानं पाठवली, एकाने आपल्या गाईचा फोटो. आमचा कागद वाढत वाढत टेबलाबाहेर लोंबायला लागला, आणि त्यात सासऱ्यांबरोबर खेळलेलं कोणी नव्हतं. थोरला भाऊ बिनलग्नाचा गेल्याचं कळलं. धाकटा अमेरिकेत कुठेतरी होता, त्याचा माग काढण्यात एक अख्खं वर्ष गेलं. तोही गेलेला निघाला.

मी एकेका नावापुढे फुली मारायची आणि सासरे विचारायचे, “आता कोण राहिलं?” त्यांना जिना चढवेना, म्हणून पलंग खाली पुढच्या खोलीत आणला. रात्रंदिवस त्यांचा श्वास घरभर ऐकू यायचा. मी काहीच करू शकत नव्हते. पत्रं लिहू शकत होते, ती लिहीत होते.

अखेर त्यांच्या चुलतआजोबांच्या घरातली एक शिक्षिका म्हणाली, पत्रं पुरे, त्यांना घेऊनच या. ईस्टरच्या सुट्टीत नवऱ्याने होलीहेडच्या बंदरापर्यंत गाडी चालवली, पुढे बोट. किनारा दिसला तेव्हा सासऱ्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

शिक्षिकेच्या घरी पंधरा-वीस माणसं जमली होती. सगळ्यांनी हात हातात घेतले, हॅम सँडविचेस पुढे केली, मला शाकाहारी म्हणून अंड्यांची दिली. शेकोटीजवळ तिची आई बसली होती, नव्वदीची. सासऱ्यांना तिने शेजारी बसवलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, “बहिणीच्या दफनाला गेला होतास ना रे? तुझ्याच गावात होती ती.”

खोलीतल्या कोणालाच काही वावगं वाटलं नाही; एकाच गावातली भाऊ-बहीण भेटत असणारच, असं सगळे धरून चालले होते. हळूहळू उलगडा झाला. लग्नानंतर दहाएक वर्षांनी सासऱ्यांची बहीण नवऱ्याच्या कामासाठी बर्मिंगहॅमला आली होती. ती आली तोवर आई वारली होती, त्यामुळे हे सासऱ्यांना कळवणारं कोणी नव्हतं. म्हातारी दर ख्रिसमसला तिला कार्ड पाठवायची. गेल्या नोव्हेंबरात बहीण वारली. तिकडे माणूस गेलं की त्याचा फोटो आणि प्रार्थना छापलेलं छोटं कार्ड नातेवाइकांना वाटतात. ते म्हातारीने पाकिटासकट काढून दिलं. सासऱ्यांनी ते डोळ्यांजवळ नेलं, मग लांब धरलं, मग पुन्हा जवळ नेलं. पाकिटामागचा पाठवणाऱ्याचा पत्ता मी वाचला. आमच्या घरापासून दोन बस.

नोव्हेंबरात मी अमेरिकेला पत्रं लिहीत होते. त्या गिलावेवाल्याच्या गावी एक पत्र टाकलं असतं तर आठवड्यात पत्ता हाती आला असता. मला तिथून उठून जावंसं वाटत होतं आणि जायला जागा नव्हती, सगळीकडे प्रेमळ माणसं बसली होती. परतताना बोटीवर आणि गाडीतही सासऱ्यांनी रागावावं म्हणून मी वाट बघत राहिले.

महिन्याभराने मी आणि सासरे बहिणीच्या मुलीकडे गेलो. पस्तिशीची बाई, बर्मिंगहॅमचा पक्का हेल, हनुवटी मात्र हुबेहूब सासऱ्यांची. तिने सांगितलं, आईनेही त्यांना खूप शोधलं. आयरिश क्लबांमध्ये, चर्चमध्ये विचारलं. पण सासऱ्यांनी इंग्रज बायको केली होती आणि तेव्हापासून ते दोन्हीकडे फिरकले नव्हते. शेवटी ते वारले असं आईने धरलं. सासरे ऐकत होते. त्यांनी एवढंच विचारलं, ती शेवटपर्यंत गाणी म्हणायची का. भाची म्हणाली, आईला गाताना मी कधी ऐकलं नाही.

मग तिने सहज, काही दोष द्यायचा म्हणून नव्हे, विचारलं, “पण आम्ही तुम्हाला सापडलो कसे नाही? डॅडचं सरनेम एवढं वेगळं. फोनबुकमध्ये आमचं एकच घर आहे.”

येताना बसमध्ये मी ठरवलं होतं, हे विचारलं तर खरं सांगायचं. मी कप खाली ठेवला. तेवढ्यात सासरे म्हणाले, “त्याचं नावच विसरलो होतो मी. म्हातारा झालो.”

भाचीने त्यांचा हात थोपटला. हे व्हायचंच, म्हणाली. ते माझ्याकडे बघत नव्हते. ते नाव त्यांनी मला तीनदा सांगितलं होतं.

भाचीने विचारलं, आणखी चहा घेणार का. मी हो म्हणाले.