बाजार पडला त्या आठवड्यात

देवदत्त टिळेकर कॅनडात विनिपेगला आले, ते पुण्यातल्या कारखान्याला टाळं लागल्यावर. इथे बस बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्टर झाले. पुढे दोन मंदींत दोनदा ले-ऑफ झाला, दोनदा परत बोलावणं आलं. तेव्हापासून सगळं सुरळीत चाललं की हा माणूस अस्वस्थ व्हायचा.

दोन हजार एकवीस साली शेअर बाजार चढतच होता. रिटायरमेंटसाठी साठवलेले पैसे वाढलेले बघून त्यांची बायको अस्मिता खूश होती. देवदत्तांची मात्र झोप उडाली.

"हे पडणार. मी दोनदा भोगलंय," ते म्हणाले.

त्याच सुमारास त्यांना एक फंड सापडला. बाजारात घबराट वाढली की तो वाढायचा, तोही दुप्पट. देवदत्तांना तो विम्यासारखा वाटला. अर्धे पैसे त्यांनी त्यात टाकले.

बाजार पडला की फंड उसळायचा, देवदत्त चहा घेताना गुणगुणायचे. पण घबराट ओसरली की उसळी जायची आणि वर थोडं मुद्दलही घेऊन जायची. बाजार शांत असला तरी तो रोज थोडा झिजायचा. स्वस्त झाला म्हणून त्यांनी आणखी घेतला. असं करत जवळपास सगळेच पैसे त्यात गेले.

मुलगी केया वॉटर्लूला सॉफ्टवेअरमध्ये आहे. तिला कळलं तेव्हा ती फोनवरच ओरडली, "बाबा, धिस इज मेंट फॉर वन डे! यू डोन्ट होल्ड इट!"

"अगं, मलाही एकच दिवस हवाय," ते म्हणाले. "पण तो कुठला, हे कोण सांगणार?"

तिने धीराने समजावलं. घबराटीचा आकडा शंभरावरून एकशे दहावर गेला, तर शंभराचा फंड एकशे वीस होतो. दुसऱ्या दिवशी आकडा परत शंभरावर आला, तर फंड मात्र अठ्ठ्याण्णववर येतो. शिवाय घबराटीवरचे त्याचे सौदे दर महिन्याला संपतात आणि पुढचे बहुतेक वेळा महागच मिळतात. देवदत्तांना हिशेब पटला. पण इतक्या तोट्यात विकायचं कसं? आणि विकलं नि दुसऱ्याच दिवशी बाजार कोसळला तर?

मग एका सकाळी फंडाची किंमत अचानक कितीतरी पट दिसली. त्यांनी अस्मिताला हाक मारली. तिने चष्मा लावून नीट वाचलं.

"अहो, किंमत वाढली नाही. फंडवाल्यांनी युनिट एकत्र केलीत. म्हणून आपली युनिट कमी झालीत."

ते बाहेर जाऊन ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हलने काढत राहिले, स्वच्छ झाल्यावरसुद्धा.

दोन हजार पंचवीसच्या एप्रिलमध्ये बाजार खरंच कोसळला. अमेरिकेच्या आयात कराच्या बातम्यांनी टीव्हीवरचे चेहरे पांढरे पडले होते. मराठी मंडळातल्या विलासरावांनी मुद्दाम फोन केला. "देवदत्त, तू बरोबर होतास रे! मजा आहे तुझी."

देवदत्तांनी थँक्स म्हटलं. फंड त्या आठवड्यात दुपटीहून वर गेला होता, आणि तरीही घातलेल्या पैशांच्या दहाव्या हिश्शालासुद्धा पोचला नव्हता.

"आता तरी विका," अस्मिता म्हणाली.

"अजून पडेल बाजार. थोडं थांबू."

बुधवारी दुपारी कर लांबणीवर टाकल्याची बातमी आली, बाजार उसळला आणि फंड त्यांच्या डोळ्यांदेखत खाली गेला. ते फोन हातात धरून बसून राहिले. विकण्याचं बटण समोर होतं, पण बोट हललं नाही.

"मी पडेल म्हणालो होतो. पडलं ना?" त्यांनी विचारलं. "मग माझं चुकलं कुठे, सांग."

अस्मिता त्यांच्या शेजारी येऊन बसली.

पुढच्या हिवाळ्यात फंड चालवणाऱ्या कंपनीने तो बंदच केला. उरलं होतं ते परस्पर खात्यात जमा झालं. कोणी काही विचारलं नाही. त्या पैशांत गाडीचे विंटर टायर आले. देवदत्तांनी रिटायरमेंटचा अर्ज मागे घेतला. अस्मिता आता एका डेकेअरमध्ये कामाला जाते. सकाळी अंधारातच दोघं निघतात, आधी तिला सोडून ते कारखान्याकडे वळतात.