खंडेनवमीला तुटलेली नोंद

ते यंत्र मीच बंद केलं होतं. खंडेनवमीच्या सकाळी, पूजेसाठी.

कोल्हापुरातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मी शिकवतो. नेटवर्कची प्रयोगशाळा माझ्याकडे आहे. त्या वर्षी शेवटच्या वर्षाच्या दोघांचा प्रकल्प माझ्याकडे होता. मुलगी मुरगूडची, मुलगा उचगावचा. महाविद्यालयाचं नेटवर्क गर्दीत किती मंदावतं, हे त्यांना मोजायचं होतं. प्रयोगशाळेतला संगणक दर मिनिटाला वसतिगृहातल्या संगणकाला निरोप पाठवणार आणि उत्तराला लागलेला वेळ नोंदवणार. सलग चौदा दिवस. त्यात दसऱ्याची सुट्टी मुद्दाम धरलेली, कारण नेटवर्क रिकामं तेव्हाच मिळणार. आराखडा माझा होता. त्या संगणकावर चिकटवलेली ‘बंद करू नये’ ही चिठ्ठीही माझ्याच अक्षरातली.

पूजेच्या वेळी शिपाईमामा म्हणाले, "सर, चालू यंत्राला हळदकुंकू लावायचं व्हय? शॉक बसंल की."

मी बटण बंद केलं, आरतीनंतर पुन्हा सुरू केलं. नोंदीचा प्रोग्राम मात्र हाताने सुरू करावा लागतो, ते विसरलो.

सुट्टीनंतर दोघं आली, तर नोंद नवमीलाच संपलेली. मुलगा म्हणाला, "हळद लागल्यावर कोण काम करतंय?" ती हसली नाही. तिने मला विचारलं, "सर, कुणी मशीन बंद केलतं का?"

विभागप्रमुख शेजारी उभे होते. मी म्हणालो, "नाही. तुझ्या प्रोग्राममध्ये दोष असेल."

नंतर कितीतरी दिवस ती तो दोष शोधत बसली. संगणक शेवटचा कधी सुरू झाला एवढं पाहिलं असतं तरी तिला कळलं असतं. पण सरांचं बोलणं तिने पडताळून पाहिलं नाही.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "सुट्टीतले आकडे कुठे आहेत?"

"माझा प्रोग्राम बंद पडला, सर," ती म्हणाली. मी शेजारी बसून गुणांचा तक्ता भरत होतो.

निकालानंतर ती दाखला न्यायला आली. नेटवर्कमधली एक नोकरी तिला मिळत होती. "नको म्हणून कळवणार हाय," ती म्हणाली. "साधा प्रोग्राम चौदा दिवस चालवता आला न्हाय मला. ते काम कसं जमणार?"

खोलीत विभागप्रमुख होते, आणखी दोन प्राध्यापक होते. ते बाहेर जाण्याची वाट मी थोडा वेळ पाहिली. मग उभा राहिलो.

"तुझा प्रोग्राम बरोबर होता," मी म्हणालो. "यंत्र पूजेला मी बंद केलं. तू विचारलंस तेव्हा खोटं बोललो, परीक्षेतही गप्प बसलो. माझी चूक तुझ्या माथी मारली. मला माफ कर."