गाळून, उकळून आणलेलं पाणी

रोह्याच्या पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत परदेशी मदतीतून नवी यंत्रं आली, तेव्हा आमच्या संघटनेतर्फे मी पत्रक काढलं: ‘नदीकाठच्या वाडीने पाण्याचा नमुना द्यावा. जंतू सापडले, की सरकारला नळ द्यावाच लागेल.’ वाडीत पावसाळाभर जुलाब चालू होते. दोन लेकरं गेली होती.

यंत्रांबरोबर आलेला तज्ज्ञ महिनाभर राहिला. जंतू कसे वाढवायचे, कसे मोजायचे, हे त्याने मनापासून शिकवलं. नदीवर नमुना कसा भरायचा, ते कोणी शिकवलं नाही. तिथे जायला प्रयोगशाळेकडे गाडीच नव्हती. म्हणून बाटली वाडीतली एक बाईच घेऊन आली. गेलेल्या दोघांतला एक तिचा मुलगा होता.

तिसऱ्या दिवशी अहवाल आला: पिण्यास योग्य. मी तणतणत वाडीवर गेलो.

“बाटलीत कुठलं पाणी भरलं होतं?”

“नदीचाच, दादा. लुगड्यातून गाळला, चांगला उकळला, मंग भरला. सायबांपुढं घाण पानी कसा न्यायचा?”

शेजारीण फटकन बोलली, “पोराला कवा उकळून दिला नाय गो, सायबाला दिलास!”

“तवा पावसात सुका सरपण कुठं होता?” एवढंच ती म्हणाली.

दुसरी बाटली मी स्वतः भरून नेली. तोवर तज्ज्ञ मायदेशी गेला होता आणि जंतू वाढवायची परदेशी पूड संपली होती. पहिल्याच अहवालावर नळाचा अर्ज फेटाळला गेला.

पत्रकात मी सरकारला खडसावलं होतं. बाटली कशी भरायची, ही एक ओळ मात्र लिहिली नव्हती.