कडी बाहेरून लावलेली होती

आधीच सांगते, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्यांतली नाही. सिल्वासातल्या एका शाळेत आठवी-नववीला विज्ञान शिकवते. मुलं वर्गात असल्या गोष्टी काढतात तेव्हा मीच त्यांना म्हणते, "बाळांनो, आधी कारण शोधा, मग घाबरा." आमच्या स्टाफरूममध्ये कुणी काही सांगायला लागलं की हमखास फाटे फोडणारी मीच. आजही भूतबित मानत नाही... पण दोन वर्षांपूर्वीच्या थंडीत माझ्या स्वतःच्या घरात भर दुपारी जे झालं, त्याला माझ्याकडे कारण नाही. आणि त्याहून वाईट म्हणजे, त्याबद्दल लोक माझं कौतुक करतात.

हे आत्ताच का लिहितेय, तर गेल्या महिन्यात शिरपूरला एक लग्न होतं. माझं माहेर चिपळूणकडचं, सासर शिरपूरचं. मांडवात दहा-बारा बायकांसमोर सासूबाईंनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "मन्ही सून नाही, पोर आहे ती माझी. त्या तापात मला हिनं जगवलं." बायका माझ्याकडे कौतुकानं बघत होत्या. मी मान खाली घालून उभी. त्यांना वाटलं, लाजतेय.

आमचं घर सिल्वासात आमली भागात, एका सोसायटीत तळमजल्यावर. पुढे छोटा व्हरांडा, मग हॉल, स्वयंपाकघर, आणि सगळ्यात मागे सासूबाईंची खोली. त्या खोलीला स्वतःचं संडास-बाथरूम आहे, एक खिडकी आहे — लोखंडी ग्रिल, आतून डासांची जाळी — आणि एकच दार. माझा नवरा किशोर जवळच्या सायली गावात एका प्लास्टिकच्या कंपनीत सुपरवायझर आहे. सासरे गेल्यानंतर आईंना आम्ही इकडे आणलं. (मी त्यांना आईच म्हणते.)

त्या थंडीत इथे तापाची साथ आली. सर्दी, अंगदुखी, मग खोकला, आणि म्हाताऱ्या माणसांना धाप. आसपासच्या खडोली-गलोंड्याच्या कंपन्यांमधून कामगार रजेवर, माझ्या वर्गातली अर्धी बाकं रिकामी. डॉक्टर सांगत होते, फ्लू आहे, काळजी घ्या, घाबरू नका. सगळे खोकत-शिंकत बरे होत होते. घाबरले होते ती फक्त मी.

त्याला कारण होतं. माझा धाकटा भाऊ कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेला. शेजारच्या आजोबांना उचलून गाडीत घातलं होतं त्यानं. आजोबा बरे होऊन आले, हा नाही आला. तेव्हापासून कुणी शिंकलं तरी माझ्या छातीत धडधडायला लागायचं. शाळेतून आल्यावर आधी अंघोळ, मग वाफ. भाजी मिठाच्या पाण्यात, दुधाची पिशवी साबणानं धुवायची. किशोर हसायचा. आई मात्र कधी हसल्या नाहीत. म्हणायच्या, "तिचा भाऊ गेला रे. तिला करू दे."

आणि नेमका आईंनाच ताप आला.

डॉक्टरांनी तपासलं, म्हणाले फ्लूच आहे, दुसऱ्याला लागणारा. वेगळ्या खोलीत ठेवा, गोळ्या वेळेवर द्या, पाणी-पेज पोटात जाऊ द्या, धाप लागली तर लगेच घेऊन या. पहिले दोन दिवस किशोरनं सगळं केलं. तिसऱ्या दिवशी कंपनीनं त्याला नव्या मशीनच्या कामासाठी पुण्याला बोलावलं, तीन दिवस. तो म्हणाला, "नाही सांगतो त्यांना." मीच म्हटलं, "जा. मी रजा टाकलीय ना." निघताना तो म्हणाला, "तू आहेस म्हणून जातोय गं."

हे वाक्य मला अजून झोपेत ऐकू येतं.

तो गेला त्या दिवशी मी दाराबाहेर स्टूल ठेवलं. त्यावर ताट, गोळ्या, पाण्याचा तांब्या. दोन मास्क लावून दार वाजवायचं आणि पळायचं. आई उठून घ्यायच्या. संध्याकाळी त्या तापात भ्रमिष्टासारख्या बाहेर आल्या, स्वयंपाकघरात जाऊन माठात हात घातला. मी किंचाळले. अक्षरशः किंचाळले त्यांच्यावर. त्या घाबरून मागे गेल्या. मी माठ ओतून टाकला, फरशी पुसली, आणि मग... त्यांच्या दाराला बाहेरून कडी लावली.

एका आजारी, सत्तरीच्या बाईला मी कोंडलं. शब्द फिरवून सांगण्यात अर्थ नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कडी काढून चहा-बिस्किटं नि गोळ्या आत सरकवल्या, परत कडी लावली. चहा त्यांनी घेतला की नाही, बघितलंही नाही. साडेबाराच्या सुमाराला आतून हाक आली.

"शुभा... ए शुभा... पाणी दे ना माय."

मी दाराशी गेले. हात कडीवर ठेवला.

"डोकं लई ठणकू राहिलं वं. जरा ये ना."

माझा हात कडीवरच होता. मनात म्हणत होते, उघड, उघड, दोन मास्क आहेत, काय होणार आहे? पण डोळ्यांसमोर भावाचा प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला... नको. हात हलला नाही. मी तिथेच जमिनीवर बसले आणि ओढणीचा बोळा तोंडात कोंबून रडले. आत आई हाका मारत होत्या, इकडे मी आवाज दाबून रडत होते. आमच्यामध्ये एक प्लायवूडचं दार.

मग हाका थांबल्या.

थोड्या वेळानं आतून बोलण्याचा आवाज यायला लागला. आईंचाच. पण हाक मारल्यासारखा नाही, शेजारी बसलेल्याशी बोलावं तसा, हळू, मध्ये थांबत... आणि मग त्या हसल्या. मला वाटलं, ताप डोक्यात गेला, बरळतायत. त्या वेळी दार उघडायला हवं होतं. मी काय केलं? उठले, पुढच्या व्हरांड्यात जाऊन खुर्चीत बसले. तिथे काही ऐकू येत नाही म्हणून.

चार वाजेपर्यंत मी तिथून हलले नाही. मध्ये आमच्या शाळेच्या मोठ्या बाईंचा फोन आला, चाचणीच्या पेपरांबद्दल वीसेक मिनिटं बोलले. समोरच्या हंसाबेन कपडे काढायला आल्या होत्या. त्यांनी सासूबाईंची तब्येत विचारली, "शुभाबेन, बा ने केम छे हवे?" मी म्हटलं, "सारुं छे, सूता छे." बरं आहे, झोपल्यात. इतकं सहज खोटं मी आयुष्यात बोलले नव्हते.

चारला किशोरचा फोन. "आई कशी आहे? बोलायला दे."

त्याला मात्र खोटं सांगता येईना. "थांब, देते," म्हणाले, मास्क न लावताच मागे गेले आणि कडी काढली. कडी होती तशीच होती, घट्ट.

आई भिंतीला उशी टेकून बसल्या होत्या. कपाळावर घामाचे थेंब, ताप उतरलेला. चेहरा पुसलेला. आणि केसांना तेल लावून नीट वेणी घातलेली.

इथे मला नीट सांगायला हवं. आईंचा उजवा खांदा कित्येक वर्षं धरलेला आहे. हात कानाच्या वर जात नाही. स्वतःचा अंबाडासुद्धा त्या कसाबसा गुंडाळतात. आणि ती साधी वेणी नव्हती. चारपेडी होती. माझ्या आईनं मला लहानपणी शिकवलेली. या घरात ती फक्त मला येते. आईंना मी ती कधी घालून दिलेली नव्हती, त्यांचे केस मी कधी विंचरलेच नव्हते.

खिडकीच्या कट्ट्यावर एक वाडगा धुऊन पालथा घातला होता. स्वयंपाकघरातला, वरच्या फळीवरचा.

मी फोन आईंच्या हातात दिला. त्या किशोरशी बोलू लागल्या. "अरे, मी चांगली आहे रे बाबा. शुभानं पेज दिली, कोकणातली, वरून तूप सोडून. डोकं चेपलं, तेल लावलं. पोर दुपारभर बसली माझ्यापाशी."

मी दारात उभी होते.

फोन ठेवल्यावर त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तू तोंडाला काही बांधलं नव्हतं. मी म्हणू राहिले, बांध ना माय, तुला लागेल. तर तू म्हणे, लागू द्या."

त्या दिवशी मी पेज केलीच नव्हती. मी जाऊन पातेली बघितली. एकही उष्टं नाही. माझ्या हातांना वास घेऊन बघितला, तेलाचा वास नव्हता, सॅनिटायझरचा होता. मी शिक्षिका आहे, मला कारण हवं असतं, म्हणून एकेक शक्यता तपासली. आईंनीच केलं? खांदा. दुसरं कुणी आलं? पुढच्या दारात मी बसले होते आणि मागे दुसरी वाट नाही. जाळी शाबूत. मीच भानावर नसताना जाऊन केलं? हे मला फार पटवून घ्यायचं होतं... खरंच फार. पण मोबाईलमध्ये मोठ्या बाईंचा कॉल दिसत होता, आणि दुसऱ्या दिवशी हंसाबेन आपणहून म्हणाल्या की तुम्ही दुपारभर व्हरांड्यातच बसलेल्या, चेहरा उतरला होता.

संध्याकाळपासून मी आईंचं सगळं केलं. जवळ बसून, हात लावून. भीती वाटत होती, पण केलं. मला ताप आला नाही. खरं सांगू? यावा असं वाटत होतं.

किशोर परत आला तेव्हा आई जेवणाच्या टेबलाशी बसल्या होत्या. त्यानं आत येऊन माझे दोन्ही हात धरले. "तुला इतकी भीती वाटते, तरी तू..." त्या क्षणी मी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. मग ते राहूनच गेलं. नणंदेचा फोन आला, तिनं आभार मानले. शेजारी कळलं. शिरपूरला कळलं. मी न केलेल्या गोष्टीचं पुण्य दोन वर्षं माझ्या नावावर चाललं होतं, आणि मी केलेली गोष्ट कुणालाच माहीत नव्हती.

लग्नाहून परत आल्यावर मात्र मला राहवेना. किशोर ड्यूटीवर गेला होता. आई हॉलमध्ये पेपर पसरून तुरीच्या शेंगा सोलत होत्या. मी समोर बसले आणि म्हटलं, "आई, त्या दुपारी मी आत आले नव्हते."

त्या शेंगा सोलत राहिल्या.

"मी तुम्हाला पाणी दिलं नाही. पेज दिली नाही. बाहेरून कडी लावली होती मी."

"माहीत आहे मला," आई म्हणाल्या. "कडीचा आवाज येतो ना आतमध्ये."

"मग तुम्ही सगळ्यांना का सांगता की मी..."

"तूच व्हती म्हणून सांगते."

"आई, मी दाराबाहेर होते."

"ते पण माहीत आहे." त्यांनी हातातली शेंग खाली ठेवली. "मी विचारलं ना तुला, दाराबाहेर कोण रडू राहिलं? तर तू म्हणे, राहू द्या आई, तिला बोलावू नका. ती फार घाबरलीय."

माझ्या अंगावर काटा आला. आत्ता लिहितानाही येतोय. मी ओढणीचा बोळा तोंडात कोंबून रडले होते. ते रडणं मला स्वतःलाच जेमतेम ऐकू येत होतं.

"ती कोण होती आई?" मी विचारलं.

"तूच. दुसरी कोण असणार?"

"आणि बाहेर होती ती?"

"ती पण तूच व्हती माय," म्हणाल्या, आणि शेंगांची टोपली माझ्याकडे सरकवली. "घे, सोल जरा. मला एकटीला होत नाहीत."

त्यांच्या लेखी विषय तिथे संपला. त्यांनी मला माफ केलं का, हे मी विचारलं नाही. बहुतेक माफ करण्यासारखं काही होतं असं त्यांना वाटतच नाही. किशोरला मी त्याच रात्री सगळं सांगितलं, कडीसकट. तो म्हणाला, "आईला तापात भास झाला असेल." वेणीचं विचारलं तर म्हणाला, "असेल काहीतरी." कडीबद्दल मात्र तो काहीच बोलला नाही. दोन दिवस तो माझ्याशी नेहमीसारखा बोलत नव्हता, आणि खरं म्हणजे त्यामुळे मला थोडं हलकंच वाटलं. निदान एका माणसाला तरी आता खरं माहीत आहे.

तुमच्यापैकी कुणाला असा अनुभव असेल तर जरूर लिहा. मला अजून उलगडा झालेला नाही, होईल असंही वाटत नाही. लोक विचारतील, त्या घरात राहायला भीती वाटत नाही का? नाही वाटत. ती जी कुणी आत होती, तिला मास्क लावावासा वाटला नाही, हात लावायची किळस वाटली नाही, आणि बाहेर बसलेल्या माझ्यावर ती रागावलीही नाही. तिची मला भीती वाटत नाही. कधी समोर आलीच तर तिच्याकडे मान वर करून बघता येईल का, एवढंच माहीत नाही.