आईच्या नावातलं जोडाक्षर

बाबांना पॅरालिसिसचा झटका आला तेव्हा उजवा हात गेला आणि बोलणंही गेलं. समजायचं सगळं; चहात साखर कमी पडली की भुवई वर जायची. पण शब्द काही बाहेर येईना. माझे बाबा म्हणजे दिंडोशीच्या आमच्या सोसायटीत तळमजल्यावरून चौथ्या मजल्याशी गप्पा मारणारा माणूस. त्यांचं ते गप्प बसणं मला सहन व्हायचं नाही.

मग स्पीच थेरपिस्ट घरी येऊ लागली. माझ्याहून लहान, पण भारी चिकाटीची. तिची पद्धत सोपी होती: शब्दाचे तुकडे करायचे आणि दर तुकड्याला डाव्या हाताने मांडीवर एक थाप मारायची. 'पाणी', दोन थापा. 'कपाट'? मी म्हटलं तीन, अक्षरं तीन आहेत ना. ती म्हणाली दोन, क-पाट; तोंड किती वेळा उघडतं ते बघा. 'चष्मा'वरून तर आमची जुंपलीच. मी शाळेत मराठी शिकवते, त्यामुळे गप्प बसणं मलाही जमत नाही. मी तोडला च-ष्मा, तिने चष्-मा.

"मग तुकडा म्हणजे नक्की काय, ते तरी सांग," मी म्हटलं.

ती हसली. "ताई, ते पुस्तकं लिहिणाऱ्यांनाही धड सांगता येत नाही. बाबांना जे जमेल ते आपण धरू या ना."

बाबांना तिचंच जमलं. चष्, मग दम खाऊन मा. मी त्यांना चष्मा आणून दिला आणि आत जाऊन रडले.

पुढे तिने विचारलं, त्यांच्या तोंडात सगळ्यात बसलेला शब्द कुठला? मी पटकन आईचं नाव सांगितलं. त्यात मधोमध जोडाक्षर आहे. बाबा ओठ मिटून बसले ते बसलेच. आम्ही ते जोडाक्षर इकडून फोडलं, तिकडून फोडलं, मध्ये 'अ' घालून पाहिला. बाबा भिंतीकडे बघायचे आणि आई नेमकी तेव्हाच कुकर लावायला उठायची. मला वाटलं, वाट लागली, गाडी इथेच अडणार.

शेवटी आईच वैतागली. "अगो, तेंनी माझा नाव कधी घेतल्यानी काय? लगीन झाल्यापासून नाय. आता तुमच्यासमोर घेतीत?"

मी कपाळावर हात मारून घेतला. आमच्या कोकणातल्या त्या पिढीत नवरा-बायको एकमेकांचं नाव घेत नाहीत, हे मला काय माहीत नव्हतं? आई 'अहो' म्हणायची, बाबा 'गो'. एक थाप, वाद नाही. थेरपिस्टने तिथून सुरुवात केली आणि थोड्याच दिवसांत उठता-बसता 'गो' ऐकू यायला लागलं. आई कंटाळल्यासारखं दाखवायची आणि धावत यायची.

एका दुपारी आई मासळी आणायला गेली होती. बाबा बराच वेळ दाराकडे बघत होते. मग त्यांनी मांडीवर थापा मारत आईचं नाव घेतलं. अख्खं, जोडाक्षरासकट, विचारल्यासारखं.

"बाजारात गेलीय, येईल," मी कसंबसं म्हटलं.

आई आल्यावर मी तिला स्वयंपाकघरात गाठलं आणि सांगितलं. तिचा विश्वास बसेना.

"माझा नाव? तुझ्याकडे?" मासळीची पिशवी हातात तशीच. "कसा म्हणाले? तसाच म्हणून दाखव."

मी म्हणून दाखवलं.

"मधी थांबले?"

"थांबले."

"खंय?"

मी बाबांसारखं अर्धं नाव घेतलं, दम खाल्ला, मग उरलेलं घेतलं. ती ओट्याला टेकून ऐकत होती. बाहेरच्या खोलीतून बाबांची हाक आली, "गो."

"इलंय," ती म्हणाली, पण जागची हलली नाही.

"आणखी एकदा म्हण," ती मला म्हणाली.