घड्याळजीचे बत्तीस लाख

तुमच्या घराची किंमत कोण ठरवतं हो? तुम्ही? छातीवर हात ठेवून सांगा!

भंगारवाल्या मावशीलाही वाटायचं, आपणच ठरवतो. जुना पंखा नुसता हातात धरला की आत तांबं किती ते ती सांगायची आणि काट्यावर तेवढंच भरायचं. बाजारात तिला गंडवणारा अजून जन्मला नव्हता. पण तिसऱ्या मजल्यावरच्या स्वतःच्या दोन खोल्यांना काटा कुठला लावणार?

विकायचं कारण एकच. लकव्यात नवऱ्याचं डावं अंग गेलं आणि इमारतीला लिफ्ट नाही. दवाखान्यातून चौघांनी त्याला खुर्चीत घालून वर आणलं, त्याला चौदा महिने झाले. पलंग, मोरी, खिडकी, परत पलंग. जन्मभर ट्रक चालवलेला माणूस! मागच्या गल्लीत तळमजल्यावरची खोली एकवीस लाखांना विकाऊ होती. वरचं विकायचं, ती घ्यायची, नवऱ्याला दारात खुर्ची टाकून द्यायची. बस.

आडवा आला घड्याळजी. तो खालच्या मजल्यावर अशाच दोन खोल्यांत राहायचा. वर्षापूर्वी विकून जाताना जिन्यात सगळ्यांदेखत म्हणाला होता, "बत्तीस लाख घेतले. रोख!" मावशीने तो आकडा पदराला गाठ मारून ठेवला.

दलाल म्हणाला, "मावशी, चोवीस मागा, तेवीसला उरकेल."

"खालच्याला बत्तीस आणि मला चोवीस? माझ्या कपाळावर मूर्ख लिहिलंय का रे मुडद्या?" दलालाने चपला हातात घेऊनच जिना गाठला.

गिऱ्हाईकं धापा टाकत यायची, पाणी पिऊन जायची. एक नर्सबाई मात्र दोनदा आली. नळ सोडून पाहिला, खिडकी उघडून पाहिली, तेवीस म्हणाली. मावशी खालच्याचे बत्तीस सांगत तीसच्या खाली येईना. पलंगावरून नवरा म्हणाला, "मला धरून सांग गं. जड सामानाचे वेगळे मिळतात." दोघी हसल्या. तो हसला नाही.

नर्सबाई उठताना म्हणाली, "बत्तीसचा कागद दाखवा, मग बोलू."

घड्याळजीकडे जायला मावशीने पंधरा दिवस लावले. त्याच्यापुढे काय म्हणून हात पसरायचा? शेवटी पडून पडून नवऱ्याच्या पाठीला जखम झाली, तेव्हा ती दोन बस बदलून गेली.

घड्याळजीने डोळ्याचं भिंग काढलंच नाही. "कागदाचं काय काम पडलं वहिनी?"

त्याची बायको आतून बाहेर आली. "सांगा की आता! साडेबावीस आले हो वहिनी. तेही दोन हप्त्यांत."

"मग बत्तीस?"

"मेव्हण्याने त्याचं घर तीसला विकलं होतं," घड्याळजी पुटपुटला. "माझी काही इज्जत आहे की नाही? तुम्ही एवढं मनावर घ्याल असं वाटलं नव्हतं."

"माझा माणूस वर सडतोय तुझ्या इज्जतीपायी," मावशी म्हणाली आणि चहा न घेताच उठली.

रस्त्यावरूनच तिने नर्सबाईला फोन लावला. "तेवीस कबूल. या."

"मावशी, परवाच दुसरीकडे विसार दिला हो."

आठवड्याने मागच्या गल्लीतल्या त्या तळमजल्यावरच्या खोलीत नव्या माणसांचं सामान उतरलं. मावशी आता बावीस सांगते. लोक म्हणतात, तीसवरून एकदम बावीस? काहीतरी भानगड असणार. जिन्यात पावलं वाजली की नवरा मान वळवतो. पावलं दुसऱ्या मजल्यावर थांबतात.

तर तुम्ही कधी घर विकलं असेल आणि जिन्यात कुणी कितीला गेलं म्हणून विचारलं, तर हातात आलेला खरा आकडा सांगा. लाज वाटली तर गप्प बसा. पण फुगवून सांगू नका, एवढं ऐका माझं.