झिजलेली धूळ

आमचे मामा चंद्रावरची माती दळायचे. म्हणजे तिच्यासारखी, प्रयोगशाळेमागच्या शेडमध्ये काळा दगड फोडून. चंद्रावर वारा नाही, पाणी नाही, म्हणून तिथल्या धुळीचे कण काचेसारखे धारदार राहतात. खनिज उकरणारं यंत्र तिकडे पाठवण्याआधी या नकली धुळीत चालवून बघायचे. दर वेळी ताजी धूळ घ्यायची, असा नियम होता.

मामा कवडीचुंबक नव्हते, पण साबणाचा उरलेला तुकडा नव्या वडीला चिकटवणारा माणूस तो! चांगली धूळ त्यांना फेकवेना. तीच चाळून पुन्हा भरायचे. वापरून वापरून कणांची धार गेली आणि यंत्र हसत हसत पास झालं.

चंद्रावर मात्र धुळीने त्याचे सांधे खाल्ले. ते तिथेच अडकून पडलं.

मामांनी स्वतः जाऊन साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, "जाऊ द्या हो, आता काय तिथे जाऊन पुसणार आहात?" त्यापेक्षा चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

परवा मामीने सवयीने साबणाचा तुकडा नव्या वडीला चिकटवला. मामांनी तो नखाने उचकटला आणि त्यावरून कितीतरी वेळ अंगठा फिरवत बसले.

"किती गुळगुळीत झालाय बघ," म्हणाले.